‘अंगणवाडी’ ज्यांच्या कामातून उभी राहिली आणि ज्यांनी शिक्षिकांच्या पिढ्या घडवल्या, त्या ताराबाई मोडक कोण होत्या?

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर नवीन शिक्षिका रुजू होते. मुलं घरी गोंडी किंवा हलबी बोलतात आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असतं. कॉलेजात शिकलेलं पाठ टाचण पहिल्या तासालाच कोलमडतं. अशा वेळी विचारायचं कुणाला?

प्रश्न आजचा असला तरी जवळपास 80 वर्षांपूर्वी एका बाईंनी त्यावर प्रत्यक्ष काम केलं होतं. त्या म्हणजे ताराबाई मोडक.

मुंबई, अमरावती, राजकोट

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकणं घरात गृहीत होतं. 1914 मध्ये ताराबाई बीए झाल्या. लग्नानंतर त्या अमरावतीला आल्या, पण हा संसार टिकला नाही आणि 1921 मध्ये त्या पतीपासून वेगळ्या झाल्या. त्या काळात बाईसाठी हे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते.

पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. हे शिक्षिका तयार करणारं कॉलेज होतं. पद होतं, पगार होता. तरीही त्या हे सगळं सोडून भावनगरला गेल्या, कारण तिथे गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी वेगळ्या प्रकारचं बालमंदिर चालवत होते. प्राचार्य राहिलेल्या ताराबाई तिथे पुन्हा शिकायला बसल्या. आधी मुलांना बघायचं आणि मग शिकवायचं, ही सवय त्यांना तिथेच लागली. 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. 1936 मध्ये त्या मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार सुरू झालं. मुलांच्या वर्गांसोबत इथे शिक्षिकांचं प्रशिक्षणही चालायचं.

बोर्डीत काय झालं?

माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती. शहरातल्या मुलांना ती मिळायची, पण गावातल्या मुलांचं काय? हा प्रश्न घेऊन 1945 मध्ये ताराबाई आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. तिथे त्यांच्यासोबत होत्या अनुताई वाघ.

अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका होत्या. शिकवण्याचा अनुभव होता, पण खेड्यातली बालवाडी त्यांना नवीन होती. ताराबाईंनी त्यांना फक्त सूचना दिल्या नाहीत, रोजच्या कामात सोबत घेतलं.

सुरुवातीला अडचण आली ती मुलांच्याच बाबतीत. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येत नव्हती. मग शिक्षिकाच वस्तीत गेल्या. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, गाणी, गोष्टी असं सगळं घरापुढच्या अंगणात होऊ लागलं. हीच अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, काड्या, पानं आणि माती आली.

कोसबाडची टेकडी

पुढे 1950 च्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेलं. इथली मुलं दिवसा गुरं चारायला जायची. त्यांना शाळेत ओढून आणण्यापेक्षा शाळाच कुरणात नेली गेली आणि तिला नाव पडलं कुरणशाळा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही इथेच आकाराला आली. मोठ्या बहिणीला धाकट्या भावंडाला सांभाळावं लागतं म्हणून तिची शाळा बुडते. दोघांची सोय एकाच जागी झाली तर हे टळतं, असा त्यामागचा सरळ हिशोब होता.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचं निधन झालं. पण काम थांबलं नाही. पन्नाशी ओलांडल्यावर बीए झालेल्या अनुताईंनी ते 1992 मध्ये स्वतःच्या निधनापर्यंत सांभाळलं. 1985 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मग गोंदियाला याचा काय उपयोग?

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. आज गोंदियातल्या गावागावांत ही पाटी दिसते. पण पाटीसोबत ताराबाईंची दुसरी अर्धी गोष्टही यायला हवी. नव्या शिक्षिकेला आदेश आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन भागत नाही. तिच्यासोबत वस्तीत येणारं, तिचा वर्ग बघणारं आणि चुकलं तर शेजारी बसून बोलणारं कुणीतरी अनुभवी माणूस लागतं.

आज शिक्षणसेवकाची पहिली तीन वर्षं परीक्षेची मानली जातात. डाएट आहे, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदाही होतात. पण यातला किती वेळ माहितीचे तक्ते भरण्यात जातो आणि किती वेळ नव्या शिक्षिकेच्या वर्गात, हे प्रत्येक केंद्राने स्वतःला विचारून बघायला हरकत नाही. अनुताईंना अशी सोबत मिळाली, म्हणूनच ताराबाई गेल्यावरही कोसबाडचे वर्ग भरत राहिले.