निष्कांचन वाटसरू : संत गाडगे महाराज

प्रायश्चित्तकाळ आला की आपण अकिंचनतेविषयी बोलतो आणि असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव घेतो. आपल्या वऱ्हाडच्या मातीतही असा एक पुरुष होऊन गेला. तो ख्रिस्ती नव्हता. परंतु प्रभू येशूने बारा शिष्यांना गावोगाव पाठविताना काठीखेरीज काहीही सोबत घेण्यास मनाई केली होती, त्या आज्ञेची आठवण त्याचे चरित्र वाचताना पदोपदी होते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. आपल्या कारंजा तालुक्याला लागूनच हा मुलूख आहे. मामाकडे डेबूने गुरे राखली, नांगर धरला. अक्षरओळख मात्र झाली नाही. सावकाराच्या लबाडीने मामाची जमीन गेली, हेही त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटण न देता त्याने गोडाचे जेवण घातले. घर सोडण्याची तयारी म्हणायची तर ती अशी वर्षानुवर्षे चालली होती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हाती काठी आणि मातीचे एक फुटके गाडगे. तेच खाण्याचे भांडे, तेच पाणी पिण्याचे, आणि ऊन लागले की तेच डोक्यावर. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. पुढे खराटा आला. गावात शिरताच बाबा प्रथम रस्ते झाडीत, मगच भाकर मागत. रात्री कीर्तन करीत आणि कर्ज, दारू, पशुबळी, अस्पृश्यता यांवर साध्या वऱ्हाडी बोलीत प्रहार करीत. कीर्तन आटोपले की पुढचे गाव. आभार, हार, पाया पडणे यांसाठी ते थांबत नसत. सामान बांधायचे नसल्याने निघायला वेळ तो कितीसा लागणार!

या माणसाच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले. ऋणमोचन येथे पूर्णेचा घाट, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा, शिवाय गोरक्षण, शाळा, वसतिगृहे उभी राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यांपैकी एकाही वास्तूवर स्वतःचा हक्क त्यांनी ठेवला नाही, आणि नातेवाइकांचाही नाही.

येथे मन अडखळते. पत्नी कुंताबाईंनी हा मार्ग निवडला नव्हता. पतीने उभारलेल्या धर्मशाळांचे सुख त्यांच्या वाट्याला आले नाही, त्या झोपडीत राहिल्या. मुलाच्या, गोविंदच्या, निधनाची वार्ता आली तेव्हाही बाबांचे कीर्तन थांबले नाही. आम्हा धर्मगुरूंना घरसंसार नसतो, त्यामुळे आमचा त्याग त्या मानाने सोपाच म्हणावा लागेल. बाबांच्या त्यागाची किंमत मात्र दुसऱ्या कोणीतरीही मोजली. सार्वजनिक पैशाला घरच्यांचा हात लागू नये म्हणून त्यांनी ही कठोरता पत्करली, हे मला पटते. तरीही त्या माउलीचे नाव या चरित्रातून वगळले जाऊ नये असे वाटते.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. बाबा तेव्हा आजारीच होते. अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, वाटेतच, त्यांनी प्राण सोडला.

२००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. वाशिम जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपल्या धर्मग्रामातील मुलामुलींच्या पदवीपत्रांवर आता या निरक्षर माणसाचे नाव असते.