षटकोनाचं कोडं सोडवणारी कॅथलीन

दहावी-अकरावीच्या रसायनशास्त्रात बेंझीन भेटतं. कार्बनच्या सहा अणूंचा षटकोन मुलं पट्टी घेऊन वहीत काढतात. तो षटकोन खरोखरच तसा सपाट असतो, हे एका बाईनं सिद्ध केलं, असं कळल्यावर मला तिच्याविषयी वाचल्याशिवाय राहवेना.

कॅथलीन यार्डली १९०३ साली आयर्लंडमधल्या न्यूब्रिज या छोट्या गावात जन्मली. वडील पोस्टमास्तर. दहा भावंडांत ही शेंडेफळ. १९०८ मध्ये आई मुलांना घेऊन इंग्लंडला आली. मुलींच्या शाळेत भौतिक आणि रसायनशास्त्र शिकवत नसत, म्हणून त्या तासांना कॅथलीन मुलांच्या शाळेत जाई. १९२२ मध्ये लंडन विद्यापीठात बी.एस्सी.ला ती पहिली आली आणि नोबेल विजेते विल्यम ब्रॅग यांनी तिला संशोधनासाठी बोलावून घेतलं.

१९२७ मध्ये थॉमस लॉन्सडेलशी लग्न झालं. आता प्रयोगशाळा सोडून संसार बघावा, असं तिनं ठरवलं होतं. पण नवऱ्यालाच ते मान्य नव्हतं. फुकटची घरकामवाली मिळावी म्हणून आपण लग्न केलेलं नाही, असं त्याचं म्हणणं. मैत्रिणींनो, ही गोष्ट १९२७ सालची आहे बरं का!

दोघं लीड्सला गेली. तिथं तिच्यासमोर बेंझीनचं कोडं आलं. ते समजायला आपला भोंडल्याचा फेर आठवा. कार्बनला चार हात असतात असं समजा. फेरातल्या सहा जणींनी एका शेजारणीला एका हातानं धरलं, दुसरीला दोन हातांनी, आणि उरलेल्या चौथ्या हातात हायड्रोजन. दोन हातांनी धरलेल्या जवळ येणार, एका हातानं धरलेल्या लांब राहणार. म्हणजे फेर वेडावाकडा व्हायला हवा. शिवाय हिऱ्यातल्या कार्बनसारखा तो वर-खाली दुमडलेला असेल, असाही एक तर्क होता.

बेंझीन पडलं पातळ, आणि क्ष-किरणांनी रचना तपासायला स्फटिक हवा. म्हणून तिनं बेंझीनचंच भावंड असलेल्या हेक्झामिथाइलबेंझीनचे स्फटिक घेतले. ते प्राध्यापक इंगोल्ड यांनी दिले होते. किचकट आकडेमोड हातानंच. १९२९ मध्ये उत्तर आलं. षटकोन सपाट, आणि सहाही बाजू सारख्या! म्हणजे जादाचे हात कुण्या एका जोडीचे नसून साऱ्या फेराचे सामाईक असतात. कपाटातली नॅप्थॅलीनची गोळी, पॅरासिटामॉल, व्हॅनिलाचा वास, या सगळ्यांत हाच षटकोन आहे.

त्याच वर्षी पहिली मुलगी झाली, पुढे आणखी दोन मुलं. मुलं लहान असताना कॅथलीन घरी बसून गणितं करी. तिला घरकामाला बाई ठेवता यावी म्हणून ब्रॅग यांनी पैशांची सोय केली. हे वाचून मला वाटलं, हुशार बाईचं नुसतं कौतुक करणारे पुष्कळ असतात, पण तिचा वेळ वाचवणारे किती?

१९४३ मध्ये तिची वेगळीच परीक्षा झाली. ती क्वेकर पंथाची, युद्धाच्या ठाम विरोधातली. नागरी संरक्षणाच्या कामासाठी नाव नोंदवायला तिनं नकार दिला. तीन लहान मुलांची आई म्हणून नुसतं नाव नोंदवलं असतं, तरी सूट मिळाली असती. पण दंडही भरायचा नाही म्हणून तिनं होलोवे तुरुंगात एक महिना काढला. बाहेर आल्यावर तुरुंगातल्या बायकांची स्थिती सुधारावी म्हणून ती झटत राहिली.

आणि दोनच वर्षांनी, १९४५ मध्ये, १६६० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीनं प्रथमच बायकांना फेलो केलं. मार्जरी स्टीफन्सन ही एक आणि दुसरी आपली कॅथलीन! १९४९ मध्ये ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली. उल्केत सापडलेल्या हिऱ्याच्या एका प्रकाराला तिच्या हयातीतच लॉन्सडेलाइट हे नाव मिळालं. १९७१ मध्ये ती गेली.

तुमच्या लेकीच्या वहीत तो षटकोन दिसला, तर तिला कॅथलीनची गोष्ट जरूर सांगा. आणि लेकाच्या वहीत दिसला, तर थॉमसचीही!