विश्लेषण : एमडी पदवी अमेरिकेची, प्रबंध प्राचीन प्रसूतिशास्त्रावर, अखेरचे औषध वैद्याचे... कल्याणच्या आनंदीबाई जोशींनी दोन्ही पॅथी कशा जोडल्या?

फेब्रुवारी १८८७. पुण्यात एकवीस वर्षांची एक तरुणी क्षयाने अंथरुणाला खिळली होती. जेमतेम अकरा महिन्यांपूर्वी तिने अमेरिकेतील फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी घेतली होती. कोल्हापूर संस्थानची नोकरी तिची वाट पाहत होती. आणि तिच्यावर उपचार सुरू होते ते आयुर्वेदिक वैद्याचे. २६ फेब्रुवारीला तिचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिन्याभरावर आला होता.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव ठाणे, कल्याण, डोंबिवलीत शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ‘पहिली महिला डॉक्टर’ एवढ्यावर ती ओळख बहुतेकदा थांबते. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या या बाईंचा आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाशी काय संबंध होता, हा भाग मात्र मागे राहतो. ‘ॲलोपॅथी की आयुर्वेद’ हा वाद आजही घरोघरी रंगतो, त्यामुळे हा भाग पाहण्यासारखा आहे.

यमुनेची आनंदी कशी झाली?

३१ मार्च १८६५ हा त्यांचा जन्मदिवस. माहेरचे नाव यमुना. कल्याणचे जोशी घराणे एकेकाळचे जमीनदार, पण पुढे परिस्थिती उतरलेली. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींशी झाले. ते बिजवर होते आणि वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले आणि तिला शिकवायचेच, असा हट्ट धरला.

या हट्टाची दुसरी बाजू गोड नाही. अभ्यासावरून लहानपणी गोपाळरावांनी आपल्याला मारल्याचे आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात स्पष्ट नमूद केले आहे. सुधारक नवरा आणि मारणारा नवरा ही एकच व्यक्ती होती. चरित्रांत आणि चित्रपटात यातली कोणती बाजू किती दाखवायची, ते ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. त्यांच्या डॉक्टर होण्याच्या निश्चयाचे मूळ इथे सापडते.

उपचार नव्हते, की पोहोचत नव्हते?

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्येच सुरू झाले होते. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत आली. म्हणजे कागदावर पाहिले तर आधुनिक डॉक्टर कल्याणपासून काही तासांवर होता. पण डॉक्टर पुरुष, आणि बाळंतिणीच्या खोलीत परपुरुषाला मज्जाव. तिथे सुईण, घरातल्या वडीलधाऱ्या बायका आणि फार तर बाहेरून औषध सांगणारा वैद्य, एवढीच व्यवस्था होती. अडचण एकट्या औषधाची नव्हती. ते देणारी प्रशिक्षित बाई नव्हती.

फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजात झालेल्या जाहीर भाषणात आनंदीबाईंनी नेमका हाच मुद्दा मांडला. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे आणि आपण शिकून परत येऊन हेच काम करणार, असे त्यांनी श्रोत्यांना सांगितले. धर्म बदलणार नाही, हेही बजावले. त्याला पार्श्वभूमी होती. मदतीसाठी गोपाळरावांनी ज्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते, त्याने धर्मांतराची अट सुचवली होती आणि जोशी दाम्पत्याने ती नाकारली होती. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापून आला. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दातांच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहताना वाचला आणि मदतीचा हात पुढे केला. दवाखान्यातले जुने मासिक असेही कामी येते!

आनंदीबाईंची तब्येत तेव्हाही बरी नव्हती. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, मधूनच ताप, कधी धाप. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. तशाच अवस्थेत एप्रिल १८८३ मध्ये त्या कोलकात्याहून बोटीत बसल्या.

फिलाडेल्फियात काय शिकल्या?

‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ हे १८५० मध्ये सुरू झालेले, केवळ स्त्रियांना डॉक्टर करणारे महाविद्यालय. त्याच शहरात होमिओपॅथीचे जनक हानेमान यांच्या नावाचे मोठे महाविद्यालयही होते. पॅथींची भांडणे ही भारताची खासियत नाही. त्या काळच्या अमेरिकेतही होमिओपॅथ आणि इतर डॉक्टर एकमेकांना पाण्यात पाहत होते.

आधुनिक वैद्यकही तेव्हा कूस बदलत होते. बाळंतज्वराने होणारे मृत्यू डॉक्टरांनी हात धुतल्याने कमी होतात, हे सेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ मध्ये दाखवले होते. पण ते पटायला डॉक्टरमंडळींना काही दशके लागली. लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ ची. आनंदीबाई शिकत होत्या, तेव्हा जंतूंचा सिद्धान्त नुकताच रुजत होता.

अशा वेळी पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला, प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. संस्कृत ग्रंथांतील माहिती आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके, दोन्हींचा आधार त्यात आहे. विषय भावनेपोटी निवडला असे म्हणता येईल, पण जुन्या ग्रंथांत साहित्य खरोखर भरपूर आहे. सुश्रुतसंहितेत गर्भिणीच्या काळजीवर शारीरस्थानात स्वतंत्र अध्याय आहे. अडलेल्या गर्भाचे, म्हणजे मूढगर्भाचे, निदान एका अध्यायात आणि त्यावरचे उपचार दुसऱ्या अध्यायात दिले आहेत. प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या स्त्रिया अनुभवी आणि नखे कापलेल्या असाव्यात, अशी सूचनाही सुश्रुत करतो. याचा अर्थ त्याला जंतू ठाऊक होते असा होत नाही, सोशल मीडियावर तसे दावे कितीही फिरोत. निरीक्षणातून आलेली ती उत्तम सूचना आहे. तिच्यामागचे कारण सापडायला सूक्ष्मदर्शक यावा लागला.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एमडी पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोलकात्यात कादंबिनी गांगुलींनाही त्याच वर्षी वैद्यकीय पात्रता मिळाली आणि त्यांनी पुढे अनेक वर्षे रुग्ण तपासले. आनंदीबाईंच्या वाट्याला ते आले नाही.

मग वैद्याचे औषध का?

थंडी आणि न मानवणारा आहार यांनी तब्येत आणखी ढासळली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. पुढे पुण्यात आयुर्वेदिक उपचार झाले.

यात एमडी बाईंचा पराभव शोधणारे तेव्हाही होते, आताही आहेत. पण तारखा जुळवून पाहा. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. त्या जंतूवर चालणारे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ मध्ये. आनंदीबाई गेल्या त्या या दोन तारखांच्या मधल्या साठेक वर्षांच्या पट्ट्यात. आजाराचे कारण कळले होते, इलाज नव्हता. पाश्चात्त्य डॉक्टर मोकळी हवा, विश्रांती, पौष्टिक अन्न सांगत. आयुर्वेदातही राजयक्ष्म्याच्या रुग्णाचे बळ टिकवण्यावर, दूधतुपासारख्या पोषक आहारावर भर होता. त्या आजारापुरते दोघे एकाच जागी अडले होते. त्यामुळे आयुर्वेद हरला किंवा ॲलोपॅथी हरली, असा निकाल या मृत्यूवरून काढणे चुकीचे.

आज हाच प्रश्न कसा वेगळा आहे?

आज कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर या पालिका रुग्णालयांच्या परिसरातून चालत गेले, तरी बीएएमएस, बीएचएमएस, एमबीबीएस अशा सगळ्या पाट्या दिसतात. आनंदीबाईंच्या काळात मुंबई प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. तो १९१२ मध्ये आला, पण पाश्चात्त्य वैद्यकापुरता. वैद्य-हकिमांच्या नोंदणीसाठी १९३८ उजाडले. होमिओपॅथी डॉक्टरांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देता यावीत, यासाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात बदल केला. त्यावरचा वाद अजून शमलेला नाही.

रुग्णाच्या दृष्टीने कळीचे शब्द दोन : पूरक आणि पर्यायी. मुख्य उपचार सुरू ठेवून, डॉक्टरांना सांगून सोबत घेतले ते पूरक. मुख्य उपचार बंद करून घेतले ते पर्यायी. क्षयाचेच उदाहरण घ्या. साध्या क्षयाचा औषधांचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. आहारासाठी नि-क्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या खात्यात पैसे येतात. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. म्हणजे आहार सरकारनेही उपचारात धरला आहे, पण गोळ्यांच्या जोडीला. गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि पुढचा उपचार लांबतो. काढा किंवा चूर्ण घ्यायचेच असेल, तर ते आपल्या डॉक्टरांना सांगूनच घ्यावे. क्षयाच्या काही औषधांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, आणि वरून आणखी काय पोटात जाते आहे हे त्यांना माहीत असावे लागते.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. त्यांचे महाविद्यालय पुढे विलीनीकरणातून ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झाले. आनंदीबाईंचा प्रबंध तिथल्या संग्रहात असून त्याची हस्तलिखित पाने आता मोबाइलवरही वाचता येतात.