डॉ. एडवर्ड लॉरी : भूल, रक्तदाब आणि हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग

सायनस, मणका किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ कधी कधी नातेवाइकांना सांगतात, की ऑपरेशन चालू असताना रुग्णाचा रक्तदाब आम्ही मुद्दाम थोडा कमी ठेवणार आहोत. हे ऐकून तुम्हाला धास्ती वाटली तर त्यात नवल नाही. घरात कुणाचे बीपी कमी झाले की आपण त्यांना आडवे करतो, पाय उंच ठेवतो, डॉक्टरांना फोन करतो. मग तेच बीपी डॉक्टर स्वतःहून का कमी करतात?

भूल दिल्यावर रक्तदाब उतरणे धोक्याचे की नाही, या प्रश्नावर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. त्याचे केंद्र होते हैदराबाद संस्थान. आजचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा याच संस्थानात होते. वादाच्या मध्यभागी होते डॉ. एडवर्ड लॉरी.

एडिनबरोचा विद्यार्थी

लॉरी यांचा जन्म 1846 चा. दुसऱ्याच वर्षी, 1847 मध्ये, एडिनबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मने भूल द्यायला सुरुवात केली. शस्त्रक्रियेतली वेदना गेली, पण नवी भीती आली. जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताच काही मिनिटांत दगावली.

अशा मृत्यूंचे कारण काय, यावरून डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडचे म्हणत, हृदय थांबते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिनबरोचे म्हणत, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा, नाडीकडे पाहू नका. लॉरी एडिनबरोला शिकले. नामांकित शल्यविशारद जेम्स साइम त्यांचे गुरू, आणि गुरूंची ही शिकवण लॉरींनी जन्मभर सोडली नाही.

हैदराबादचे प्रयोग

इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून लॉरी भारतात आले आणि 1885 पासून हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून काम करू लागले. तिथल्या वैद्यकीय शाळेची सूत्रेही त्यांच्याकडे होती. त्यांनी मुलींना या शाळेत प्रवेश दिला. त्यांतल्याच रूपाबाई फर्दुनजी पुढे भूल देण्याच्या कामात पारंगत झाल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

लॉरी स्वतः सढळपणे क्लोरोफॉर्म वापरत. श्वास नीट पाहिला तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी 1888 मध्ये पहिला क्लोरोफॉर्म आयोग नेमवला. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष आला, की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला ते पटले नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1,000 पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपला तज्ज्ञ पाठवावा असे सुचवले. 1889 मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. क्लोरोफॉर्ममुळे हृदय थांबू शकते, असे त्यांचे आधीचे मत होते. कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून, रक्तदाबाचे आलेख काढून पाहिल्यावर तेही लॉरींच्या बाजूने झुकले.

या आलेखांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. क्लोरोफॉर्म दिला की रक्तदाब हळूहळू उतरतो आणि वेळीच बंद केला की परत चढतो. आयोगाने म्हटले, हे उतरणे धोक्याचे नाही, उलट संरक्षक आहे. रक्ताचा जोर कमी झाला की मेंदूपर्यंत औषधही कमी पोहोचते.

अर्धे बरोबर, अर्धे चूक

वाद तिथे मिटला नाही. निजामांच्याच पैशातून केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी वेगळे प्रयोग केले. 1893 मध्ये त्यांनी दाखवले, की रक्तदाब उतरतो तो क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट परिणाम होतो म्हणून. लॉरींनी ते मान्य केले नाही. मलेरियाच्या परजीवीवरही त्यांचा विश्वास नव्हता आणि त्यावरून रोनाल्ड रॉस यांच्याशी त्यांचे मतभेद होते. हाताला यश असलेला, धाडसी, पण स्वतःचे मत न बदलणारा असा हा माणूस. 1901 मध्ये ते निवृत्त झाले. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदयाचे ठोके अचानक बेताल होऊन मृत्यू येऊ शकतो. हैदराबादच्या प्रयोगांत बहुतेक प्राण्यांना औषध जास्त झाले होते, म्हणून तिथे श्वास आधी थांबलेला दिसला. लॉरी 1915 मध्ये वारले. क्लोरोफॉर्मही पुढे भुलेतून हद्दपार झाला.

मग लॉरींचे काय उरले? श्वासावर अखंड लक्ष ठेवण्याचा त्यांचा आग्रह आजही बरोबर आहे. रक्तदाब उतरला म्हणजे रुग्ण धोक्यात आहेच असे नाही, हेही खरे आहे. पण तो का उतरला आणि किती उतरला, हे पाहिल्याशिवाय त्याला सुरक्षित म्हणणे चूक होते.

आज रक्तदाब मुद्दाम कसा कमी ठेवतात?

1901 मध्ये अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी इटलीत दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा पाहिला आणि तो ऑपरेशन थिएटरमध्ये आणला. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून रक्तदाब जाणूनबुजून उतरवण्याची कल्पनाही त्यांनीच 1917 मध्ये मांडली. 1948 नंतर ती रोजच्या वापरात येऊ लागली.

यामागचे तत्त्व सोपे आहे. नळाचा जोर कमी केला की गळती कमी होते. सायनसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत थोडेसे रक्तही डॉक्टरांची नजर अडवते, आणि डोळा व मेंदू अगदी जवळ असतात. म्हणून डोक्याकडची बाजू थोडी उंच करतात आणि चटकन उतरणारी औषधे मोजून देतात. साधारणपणे सरासरी रक्तदाब 60 ते 65 च्या खाली जाऊ देत नाहीत. हृदयाचे ठोके, रक्तदाब, ऑक्सिजन आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत पडद्यावर दिसत असतात. म्हणजे लॉरींच्या काळातले दोन्ही पक्ष आता एकत्र काम करतात.

हे सगळ्यांना चालत नाही. मेंदू आणि मूत्रपिंडांना ठरावीक दाबाची सवय असते. ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त आहे, त्यांना इतरांना चालणारा दाबही कमी पडू शकतो. पक्षाघात होऊन गेला असेल, मानेच्या किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टर सहसा हा मार्ग टाळतात.

शस्त्रक्रियेआधी तुम्ही काय करावे?

घाटी रुग्णालयात असो वा खासगी दवाखान्यात, भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा या गोष्टी नक्की सांगा :

• तुमचा नेहमीचा रक्तदाब किती असतो. घरी नोंदी ठेवल्या असतील तर वही सोबत न्या.
• बीपी, रक्त पातळ करण्याच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची नावे. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची हे त्यांनाच ठरवू द्या.
• छातीत दुखणे, चक्कर, बोलणे अडखळणे किंवा हातापायातली ताकद जाणे असे आधी कधी झाले असेल, तर तेही.

शेजारच्या रुग्णाचा रक्तदाब कमी ठेवला आणि तुमचा नाही, तर डॉक्टरांना कारण विचारा. बहुधा ते कारण तुमच्याच तपासणीच्या कागदांत सापडेल.