साताऱ्याची वाट

१८७५ साल. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. वाटेत ना मोटार ना आगगाडी. भर पावसात, घाट चढून सुमारे ११० मैल पायी जायचे! मुले पोहोचली. पण धोंडो पडला चणीने लहान, अंगाने किरकोळ. हा सतराचा असणे शक्यच नाही, असे परीक्षा समितीच्या प्रमुखाने ठरवले आणि त्याला परीक्षेला बसू दिले नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. म्हणून की काय, त्या घाटापेक्षा ती एक नजर मला अवघड वाटते. पाय दुखले तर घटकाभर बसता येते. नुसते पाहून कुणी आपल्याला नापास केले तर काय करावे?

धोंडो ती परीक्षा पुढे कोल्हापूरला उतरला. १८८४ मध्ये बी. ए. झाला, तोही मुंबईत शिकवण्या करून.

पुढचा नकार गावाचा होता. पहिली पत्नी वारल्यावर अण्णांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केले. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. तरी १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. फर्ग्युसनमधले गणिताचे तास आटोपून प्राध्यापक कर्वे चिखल तुडवीत तिकडे जात. चालण्याची सवय होतीच!

१९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. तिथे शिकवणे मातृभाषेतून असे. इंग्रजीच्या तासाला मला हे हटकून आठवते.