गाठीचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली : डॉ. खानोलकर यांचे कार्य

राणीसावरगाव (ता. गंगाखेड) : मानेला गाठ आली की आपल्याकडे पहिला संशय गंडमाळेचा, म्हणजे क्षयाचा घेतला जातो. अनेकदा तो खराही ठरतो. मात्र बारीक ताप, रात्रीचा घाम व घटते वजन ही लक्षणे लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही आढळतात. क्षयाच्या गोळ्यांवर महिने जातात आणि आजार आत पसरत राहतो. अशा गाठीचा निवाडा ज्या शास्त्राने होतो, त्या विकृतिशास्त्राचा भारतात पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रणी होत.

१८९५ साली गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळविली. पुढे मुंबईत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. विकृतिशास्त्रज्ञ रोग्याला क्वचितच दिसतो. त्यामुळेच की काय, हे नाव खेड्यापाड्यांत पोचले नाही.

एक्स-रेमध्ये छातीतील ग्रंथींची सावली रुंदावलेली दिसे. पण ती क्षयाची की कर्करोगाची, हे फिल्म सांगत नसे. त्यासाठी ग्रंथी काढून, मेणाच्या ठोकळ्यात बसवून, तिचे अतिशय पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागत. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये वर्णिलेल्या आजारात तेथे घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रके असलेली मोठी पेशी दिसते. केवळ सुईने ओढलेल्या पेशींवर सहसा भागत नाही. ग्रंथीची रचनाच पाहायची असल्याने शक्य तेथे ती अख्खी काढतात.

आजचे पेट स्कॅन खानोलकरांच्या हयातीत भारतात नव्हते. रोग कोठवर पसरला, तुकडा कोठून घ्यावा, औषध लागू पडते आहे का, हे त्यातून कळते. परंतु क्षयाची गाठही त्यात तशीच उजळते, म्हणून आपल्या भागातील रुग्णाची बायॉप्सी टळत नाही.

खानोलकरांचे स्वतःचे संशोधन प्रामुख्याने तोंडाचा कर्करोग, तंबाखू आणि कुष्ठरोगातील मज्जातंतूंविषयी होते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १९७८ मध्ये ते निवर्तले. त्यांनी १९५२ मध्ये उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे काम आज नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत चालते.