प्लेगला उतार, कातडीला धोका

सर साहिबसिंग सोखे यांचा जन्म १८८७ मध्ये पंजाबात झाला. कर्मभूमी मात्र मुंबई. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील हे लष्करी डॉक्टर १९३२ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या पत्नी म्हणजे खंडाळ्यात नृत्यशाळा काढणाऱ्या प्रसिद्ध नर्तकी मेनका.

त्या काळी गाठीच्या प्लेगचे सुमारे निम्मे रोगी दगावत. लस होती, पण रोग जडल्यावर हमखास औषध नव्हते. १९३५ मध्ये जर्मनीत डोमाक यांनी पहिले सल्फा औषध जगापुढे आणले. सोखे आणि वागळे, दीक्षित, गणपती या सहकाऱ्यांनी सल्फा औषधे प्लेगवर वापरून पाहिली. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सल्फाथायाझोलने मृत्यू घटल्याचे दिसले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनने सल्फाला मागे टाकले.

या औषधांची दुसरी बाजूही जगभर दिसू लागली. मोजक्या रोग्यांचे शरीर सल्फावरच उलटते. बहुधा औषध सुरू केल्यापासून चार आठवड्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंड सोलवटते, अंगावर लालसर-जांभळे चट्टे व फोड उठतात आणि कातडी सुटू लागते. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. कातडी फार मोठ्या भागावर सुटली तर तो 'टेन' ठरतो. त्याचे वर्णन लायेल यांनी १९५६ मध्ये केले. भाजलेल्या रोग्यासारखीच ही अवस्था असते आणि ती जीवघेणी ठरू शकते. आजही वापरात असलेले कोट्रायमोक्साझोल हे सल्फायुक्त औषध त्याचे एक ठळक कारण आहे.

१९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीत सोखे आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते. दर हजार लोकांमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, ही त्यांच्या उपसमितीची शिफारस. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत आणि राज्यसभेत गेले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावात त्या शिफारशीचे मोल आजही कळते. उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. गोळ्या चालू असताना चट्ट्यांसोबत तोंड वा डोळे आले, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठावे. त्या औषधाचे नाव कागदावर लिहून ठेवावे, दर वेळी डॉक्टरांना दाखवावे आणि ते औषध पुन्हा कधीही घेऊ नये.